रक्तातील कोलेस्टेरॉल

रक्तातील कोलेस्टेरॉल म्हणजे मुख्यतः यकृतात तयार होणारे आणि काही अंशी प्राणिज आहारातून मिळणारे मेणासारखे मेदद्रव्य होय. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे मेदप्रथिनांच्या सूक्ष्म कणांतून रक्ताबरोबर शरीरभर वाहून नेले जाते. पेशींच्या आवरणासाठी ते अत्यावश्यक आहे. मात्र त्याचे विशिष्ट कण रक्तात दीर्घकाळ अधिक प्रमाणात राहिल्यास रोहिण्यांच्या भिंतींत साठतात आणि पुढे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांना कारणीभूत ठरतात. पातळी वाढल्याची जाणीव रुग्णाला बहुधा होत नाही. ती रक्ततपासणीतूनच कळते.

महाराष्ट्रासह भारतात आढळणारा नमुना पाश्चात्त्य देशांतील नमुन्याहून काहीसा वेगळा आहे. येथे एकूण कोलेस्टेरॉल पुष्कळदा ‘सामान्य’ मर्यादेत असते, परंतु ‘एचडीएल’ कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त असतात. त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉलचा एकच आकडा पाहून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. हा नमुना समजण्यास पुण्यात झालेल्या संशोधनाची मोठी मदत झाली आहे.

स्वरूप आणि कार्य

कोलेस्टेरॉल हे स्टेरॉल गटातील संयुग आहे. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. यकृतात त्यापासून पित्ताम्ले बनतात, अधिवृक्क व जनन ग्रंथींत संप्रेरके बनतात आणि त्वचेत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याच्याच पूर्वद्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. शरीराला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलचा बराच मोठा भाग शरीर स्वतःच बनवते. आहारातून ते अजिबात मिळाले नाही तरी माणसाचे अडत नाही. वनस्पतिजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. खाद्यतेलाच्या पिशवीवर ठळकपणे छापलेला ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द म्हणूनच खोटा नसला, तरी निरर्थक आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, पाम यांपैकी प्रत्येक तेलाला तो सारखाच लागू पडतो.

रक्तातून वाहताना कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड ही मेदद्रव्ये प्रथिनांच्या आवरणात बांधलेली असतात. घनतेनुसार या कणांचे प्रकार केले जातात. कमी घनतेचे मेदप्रथिन (एलडीएल) यकृताकडून ऊतकांकडे कोलेस्टेरॉल नेते. अधिक घनतेचे मेदप्रथिन (एचडीएल) ऊतकांतील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास मदत करते. अतिशय कमी घनतेचे मेदप्रथिन (व्हीएलडीएल) प्रामुख्याने ट्रायग्लिसराइड वाहते. वृत्तपत्रांतून एलडीएलला ‘वाईट’ आणि एचडीएलला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः दोहोंतील कोलेस्टेरॉलचा रेणू एकच असतो. फरक वाहकाचा आहे.

एलडीएलचा कण रोहिणीच्या आतील अस्तरातून भिंतीत शिरला आणि तेथेच अडकला की त्याचे रासायनिक रूप बदलते. भक्षक पेशी त्याला गिळतात, स्वतः मेदाने फुगतात आणि तेथे हळूहळू पिवळसर लेप तयार होतो. ही प्रक्रिया अनेक वर्षे, बहुधा तारुण्यापासूनच, चालू असते. लेपाने रोहिणी अरुंद होते हा एक भाग झाला. अधिक धोक्याची गोष्ट म्हणजे लेपावरील पातळ आवरण अचानक फाटणे. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते व काही मिनिटांत रक्तप्रवाह थांबू शकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत असे झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत झाल्यास पक्षाघात होतो. आदल्या दिवसापर्यंत धडधाकट वाटणाऱ्या माणसाला झटका येतो, त्याचे स्पष्टीकरण येथे आहे.

संशोधनाचा इतिहास

हे द्रव्य प्रथम पित्ताशयातील खड्यांत आढळले. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी त्याला ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले. १९१३ मध्ये रशियन विकृतिशास्त्रज्ञ निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत लेप निर्माण करून दाखवला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीने रक्तातील कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध मानवी लोकसंख्येत प्रस्थापित केला. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशींवरील एलडीएल-ग्राहक शोधून काढले. त्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या पेशींवर हे ग्राहक जितके अधिक, तितके एलडीएल रक्तातून लवकर काढून घेतले जाते. आजची बहुतेक प्रभावी औषधे या एका तत्त्वावर चालतात.

तपासणी आणि पातळ्या

कोलेस्टेरॉलची तपासणी ‘लिपिड प्रोफाइल’ या नावाने ओळखली जाते. भारतात आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात दिले जातात आणि या लेखातील सर्व पातळ्या त्याच एककात आहेत. युरोपातील अनेक देशांत मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. तेथील कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणल्यास आपल्याकडील आकडा मिळतो. परदेशातील नातेवाइकाने कळवलेले ‘साडेपाच कोलेस्टेरॉल’ म्हणजे येथील सुमारे २१३ होय.

प्रयोगशाळांच्या अहवालात छापलेल्या मर्यादा बहुतांशी २००१ च्या अमेरिकी शिफारशींवर आधारलेल्या असतात. त्यांनुसार एकूण कोलेस्टेरॉल २०० पेक्षा कमी असणे इष्ट, २०० ते २३९ सीमारेषेवर आणि २४० किंवा अधिक म्हणजे जास्त. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी असल्यास कमी मानतात. ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा कमी असावेत; ते ५०० च्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका उद्भवतो व त्यावर स्वतंत्रपणे उपचार करावे लागतात.

एलडीएलसाठी मात्र सर्वांना लागू पडेल अशी एक मर्यादा नाही. ती व्यक्तीच्या एकंदर धोक्यावर ठरते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया) जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत कमी धोक्याच्या सर्वसामान्य व्यक्तीसाठी एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह वा उच्च रक्तदाब यांसारख्या जास्त धोक्याच्या व्यक्तींसाठी ७० च्या खाली, आणि हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेलेल्या अतिधोक्याच्या रुग्णांसाठी ५५ च्या खाली ठेवण्याची शिफारस आहे. अहवालात ‘१३० पर्यंत ठीक’ असा समज देणारा शेरा असला, तरी झटका येऊन गेलेल्या रुग्णाला तो लागू होत नाही.

याच तत्त्वांत ‘नॉन-एचडीएल’ कोलेस्टेरॉलला विशेष स्थान दिले आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की ते मिळते. वेगळी चाचणी लागत नाही. रोहिणीत लेप चढवणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉलची ती बेरीज असते. सर्वसामान्य व्यक्तीत ते १३० च्या खाली, जास्त धोक्याच्या व्यक्तीत १०० च्या खाली आणि अतिधोक्याच्या रुग्णात ८५ च्या खाली असावे. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांत, म्हणजे भारतात पुष्कळांत, एलडीएलपेक्षा हा आकडा अधिक विश्वासार्ह असतो. त्याचे कारण गणिती आहे. अनेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष न मोजता १९७२ मध्ये सुचवलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावयाचा. ट्रायग्लिसराइड वाढले की हे गणित डळमळते आणि ४०० च्या पुढे ते वापरूच नये असा संकेत आहे.

प्राथमिक तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त देणे आता आवश्यक मानले जात नाही. पहिली तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी व्हावी, आणि कुटुंबात अकाली हृदयविकार असल्यास त्याहूनही लवकर व्हावी, असे वरील तत्त्वे सांगतात. ‘लिपोप्रोटीन ए’ हा आनुवंशिक घटक आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावा अशीही शिफारस आहे. त्याची पातळी आहार-व्यायामाने फारशी बदलत नाही. ५० पेक्षा जास्त आढळल्यास इतर सर्व घटक अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवावे लागतात.

भारतातील व महाराष्ट्रातील नमुना

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड ही राज्ये व चंडीगड यांचा समावेश होता. मुंबईचे डॉ. शशांक जोशी प्रथम लेखक असलेला तिचा कोलेस्टेरॉलविषयक अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या २,०४२ व्यक्तींपैकी एकूण कोलेस्टेरॉल वाढलेल्या केवळ १३.९ टक्के होत्या आणि एलडीएल वाढलेल्या ११.८ टक्के. याउलट ट्रायग्लिसराइड वाढलेल्या २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असलेल्या तब्बल ७२.३ टक्के होत्या. कोणता ना कोणता दोष ७९ टक्के लोकांत आढळला. संपूर्ण देशाचा समावेश असलेला या पाहणीचा पुढचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात हे प्रमाण ८१.२ टक्के होते आणि एकूण कोलेस्टेरॉल वाढलेल्यांचा वाटा २४ टक्क्यांवर गेला होता.

पाचांपैकी चार जण सदोष ठरतात हे वाचून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. या मोठ्या आकड्याचा बराच भाग एचडीएलच्या मर्यादेमुळे येतो, आणि ती मर्यादा पाश्चात्त्य लोकसंख्येवरून ठरलेली आहे. कमी एचडीएल हे स्वतः कारण असण्यापेक्षा शरीरातील बिघडलेल्या चयापचयाची खूण आहे, असे आता मानले जाते. केवळ एचडीएल वाढवणारी औषधे मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी तर मृत्यू वाढल्याने २००६ मध्ये थांबवावी लागली. तरीही जास्त ट्रायग्लिसराइड व कमी एचडीएल यांची जोडी दुर्लक्षिण्यासारखी नाही. अशा व्यक्तीत एलडीएलचे कण लहान व अधिक घन असतात. त्यामुळे एलडीएलचा आकडा तोच असला तरी कणांची संख्या जास्त असते, आणि रोहिणीच्या भिंतीचा संबंध कणांच्या संख्येशी येतो.

या जोडीमागील कारणांचा शोध पुण्यात घेतला गेला. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. येथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याची बालके स्नायूंनी कृश होती, परंतु त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून बारीक व आतून मेदयुक्त अशा या ठेवणीचे वर्णन ‘कृश-मेदयुक्त भारतीय’ असे केले गेले. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे शेजारी-शेजारी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. हे छायाचित्र पुढे जगभरच्या वैद्यकीय व्याख्यानांतून दाखवले गेले. अनेक पानांच्या तक्त्यांना जे जमले नसते ते त्याने साधले.

पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी यकृताला सतत मेदाम्ले पुरवते. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडयुक्त व्हीएलडीएल बनवून रक्तात सोडते, आणि त्याच साखळीत एचडीएल घटते. म्हणून भारतीयांत वजनापेक्षा कमरेचा घेर महत्त्वाचा धरतात : पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

याचे परिणाम वयात दिसतात. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी प्रथम लेखक असलेल्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील व्यक्तींना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे आढळले. इतर देशांत ते वय सुमारे ५९ होते. कुटुंबाच्या दृष्टीने ही सहा वर्षे म्हणजे अनेकदा मुलांच्या शिक्षणाची आणि घरकर्जाच्या हप्त्यांची वर्षे असतात.

पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील संदर्भ

पुणे–मुंबई जुना महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या कडेने दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी वस्त्यांची व कारखान्यांची रांग आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर हा पट्टा भोसरी, तळवडे, चाकणपर्यंत वाढत गेला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून व परप्रांतांतून आलेल्या कामगारांनी तो उभा केला. शेतातील श्रम आणि ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडून यंत्रासमोरचे उभे किंवा बैठे काम, उपाहारगृहातील जेवण आणि पाळीच्या वेळा असा बदल अनेक घरांत एकाच पिढीत झाला. वाढत्या वयात कमी मिळालेले अन्न आणि नंतर मिळालेली मुबलकता हा संयोग चयापचयाच्या दृष्टीने प्रतिकूल ठरतो, असे पुण्यातील संशोधनातून सूचित होते. पाळीकामाशीही हृदयविकाराचा काहीसा वाढलेला धोका जोडला गेला आहे. रात्रपाळीत झोप मोडते, जेवणाच्या वेळा सरकतात आणि जागे राहण्यासाठी गोड चहा व तंबाखूचा आधार घेतला जातो.

आकड्यांचे वाचन कसे करावे हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. कासारवाडीत राहणारा, पाळीत काम करणारा, ४२ वर्षांचा व दिसायला सडपातळ कामगार वार्षिक तपासणीला जातो. एकूण कोलेस्टेरॉल १८४, ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३२ येते. एकूण आकडा २०० च्या आत असल्याने ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल’ असे ऐकून तो निर्धास्त होतो. परंतु सूत्राने त्याचे एलडीएल ११० येते आणि नॉन-एचडीएल १५२. दोन्ही आकडे सर्वसामान्य व्यक्तीसाठी सांगितलेल्या मर्यादेच्याही वर आहेत. त्याला मधुमेह असेल किंवा तो तंबाखू खात असेल, तर अंतर आणखी वाढते. एकूण आकडा कमी दिसतो तो एचडीएल कमी असल्यामुळे. म्हणजे ज्या गोष्टीने काळजी वाटावी तिनेच अहवाल चांगला दिसतो.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची जी सार्वत्रिक तपासणी होते, तिच्यात रक्तदाब, रक्तशर्करा आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात. कोलेस्टेरॉल त्या यादीत नाही. त्यामुळे या पट्ट्यातील पुष्कळांना ते प्रथम कळते ते कारखान्याच्या तपासणीत किंवा प्रत्यक्ष आजारपणात. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांची नियतकालिक वैद्यकीय तपासणी १९४८ च्या कारखाना अधिनियमाने बंधनकारक केली, पण तिचा मूळ हेतू व्यवसायजन्य रोग शोधणे हा आहे. कंत्राटी कामगार व रोजंदारीवरचे मजूर यांच्यापर्यंत अशी तपासणी पोहोचणे अधिक कठीण असते. विमाधारक कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, तर महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीतील संत तुकारामनगरात आहे.

पातळी वाढण्याची कारणे

संतृप्त व ट्रान्स मेदांचा आहार, पोटावरील चरबी, बैठी जीवनशैली, अनियंत्रित मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता, मूत्रपिंड व यकृताचे काही विकार, मद्यपान आणि स्टेरॉइडसारखी काही औषधे ही प्रमुख कारणे होत. एलडीएल बरेच वाढलेले आढळल्यास अवटू ग्रंथीची चाचणी करून घेण्याचा प्रघात आहे. ग्रंथीवर उपचार केल्याने कोलेस्टेरॉल आपोआप उतरल्याची उदाहरणे कमी नाहीत. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर एलडीएल वाढते.

आनुवंशिक कारणांत कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल हा विकार महत्त्वाचा आहे. त्यात एलडीएल-ग्राहकाच्या जनुकात दोष असतो आणि जन्मापासूनच एलडीएल जास्त राहते, पुष्कळदा १९० च्या वर. साधारण २५० ते ३०० व्यक्तींमागे एकाला तो एका पालकाकडून मिळतो. टाचेमागील शिरेवर गाठी व पापण्यांवर पिवळे चट्टे ही त्याची लक्षणे होत, मात्र ती प्रत्येकात दिसत नाहीत. घरातील एकात हा विकार आढळल्यास आई-वडील, भावंडे व मुले या सर्वांची तपासणी करावी लागते. अशा रुग्णाने कितीही पथ्य पाळले तरी औषधाशिवाय भागत नाही. पातळी उतरत नाही म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

पातळी कमी करण्याचे उपाय

आहार

एलडीएल वाढवण्यात आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त मेदांचा हात मोठा असतो. यकृतावरील एलडीएल-ग्राहक या मेदांमुळे घटतात. खोबरेल तेलात संतृप्त मेद सुमारे ९० टक्के, तुपात ६० टक्क्यांहून अधिक, पाम तेलात जवळपास निम्मे, शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्श्याच्या आत आणि सूर्यफूल तेलात १० टक्क्यांच्या आसपास असतात. दख्खनच्या पठारावर पूर्वापार वापरात असलेले करडईचे तेलही असंतृप्त मेदांचे आहे. वरणभातावर घेतलेले चमचाभर तूप हा सहसा प्रश्न नसतो. फरसाण, खारी, टोस्ट, क्रीमरोल आणि बाहेरच्या तळणातून नकळत पोटात जाणारे पाम तेल व वनस्पती तूप यांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद एलडीएल वाढवतात आणि एचडीएलही घटवतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले व मेदांतील त्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे. तथापि एकच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानेही ट्रान्स मेद तयार होतात, आणि रस्त्यावरच्या कढईवर तक्ता लावलेला नसतो.

अंड्याच्या एका बलकात सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. निरोगी व्यक्तीने दिवसाला एक अंडे खाण्यास बहुतेक तज्ज्ञांची हरकत नाही. मधुमेह वा हृदयविकार असल्यास बलकाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

महाराष्ट्रीय आहाराच्या बाबतीत केवळ तेला-तुपाकडे बोट दाखवून भागत नाही. ट्रायग्लिसराइड प्रामुख्याने साखर, मैदा, पांढरा तांदूळ आणि मद्य यांनी वाढतात. दिवसाचे चार-पाच कप गोड चहा, बिस्किटे, पाव आणि रात्रीचा भरपूर भात हे सर्व ‘बिनतेलाचे’ असूनही यकृतात मेदात रूपांतरित होतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ शुद्ध पिष्टमय असते. तिच्यातील शेंगदाण्याचे कूट हाच काय तो तिचा गुण. तेल तोडून त्याजागी भात वाढवणाऱ्या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड चढलेले आढळतात, ते यामुळेच.

विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात. ती शौचावाटे निघून गेली की यकृताला नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. मटकी, हरभरा, राजमा, वाल यांच्या उसळी, सातू, ओट, मेथीदाणे, गवार, भेंडी, पेरू व सफरचंद यांतून हे तंतू मिळतात. रोज सुमारे १० ग्रॅम इसबगोल घेतल्यास एलडीएल ५ ते १० टक्क्यांनी कमी होऊ शकते. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे हा वडापावाला स्वस्त पर्याय आहे, आणि कारखान्याच्या दारात तो सहज मिळतो. नेहमीच्या आहारबदलाने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवत असल्याने या उपायाला अशी नैसर्गिक मर्यादा असते.

व्यायाम, वजन व तंबाखू

आठवड्यातून किमान १५० मिनिटे वेगाने चालणे किंवा तत्सम व्यायाम केल्यास ट्रायग्लिसराइड लक्षणीय उतरतात व एचडीएल थोडे वाढते. एलडीएलवर परिणाम अल्प असतो. कारखान्यात दिवसभर उभे राहिल्याने व्यायाम होतो हा समज बरोबर नाही, कारण त्यात हृदयाची गती फारशी वाढत नाही. धूम्रपान एचडीएल घटवते आणि रोहिणीच्या अस्तराला इजा करते, त्यामुळे तीच एलडीएल पातळी धूम्रपान करणाऱ्याला अधिक अपाय करते. तंबाखू-चुना आणि मिश्रीही हृदयाच्या दृष्टीने निरुपद्रवी नाहीत.

औषधे

प्रमुख औषधे ‘स्टॅटिन’ गटातील आहेत. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो (१९३३–२०२४) यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून या गटाचे पहिले द्रव्य वेगळे केले. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना ज्या पेनिसिलिनसाठी उभारला गेला, ते देणारी बुरशीही याच पेनिसिलियम प्रजातीतील. जंतुसंसर्ग व हृदयविकार या दोहोंवरील सर्वांत उपयुक्त औषधांपैकी दोन एकाच बुरशीकुळातून यावीत हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. या गटातील लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि या औषधांविषयीची शंका बरीचशी मावळली.

स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती मंदावते. कमतरता भरून काढण्यासाठी यकृत आपल्या पेशींवरील एलडीएल-ग्राहक वाढवते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते. भारतात अटॉर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन सर्वाधिक वापरली जातात. मध्यम मात्रेने एलडीएल ३० ते ५० टक्के, तर जास्त मात्रेने निम्म्याहून अधिक उतरते. एलडीएल सुमारे ३९ ने कमी झाल्यास हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्श्याने घटतात. काही रुग्णांत स्नायू दुखतात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत रक्तशर्करा किंचित वाढते आणि क्वचित यकृताची विकरे वाढतात. गरोदरपणात ही औषधे सामान्यतः बंद ठेवतात. स्नायूंत तीव्र वेदना होऊन लघवी गडद झाल्यास तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

औषध सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी करतात. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी सोडून देणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. पातळी उतरलेली असते ती गोळीमुळे. गोळी थांबली की काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. स्टॅटिन पुरेसे न पडल्यास आतड्यातील शोषण रोखणारे इझेटिमाइब जोडतात, ज्याने आणखी सुमारे २० टक्के घट होते. पीसीएसके-९ या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शने एलडीएल सुमारे ६० टक्क्यांनी कमी करतात. इन्क्लिसिरान हे त्याच मार्गाने काम करणारे औषध पहिल्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदाच द्यावे लागते. त्यांची किंमत मात्र सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे.

आयुर्वेदात मेदोरोगावर वापरल्या जाणाऱ्या गुग्गुळाचा आधुनिक अभ्यास भारतातच सुरू झाला. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये आपल्या प्रबंधात सशांवरील प्रयोगांतून त्याचा कोलेस्टेरॉलवरील परिणाम मांडला आणि १९८० च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या कामातून ‘गुग्गुलिपिड’ बाजारात आले. भारतातील सुरुवातीच्या चाचण्या अनुकूल होत्या. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या तुलनात्मक चाचणीत मात्र गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढले. लसूण, कारल्याचा रस, दालचिनी यांविषयीचे पुरावे याहूनही क्षीण आहेत. ते आहारात असण्यास हरकत नाही, परंतु झटका येऊन गेलेल्या रुग्णाने त्यांच्या भरवशावर स्टॅटिन थांबवणे धोक्याचे ठरते.